बिनटाक्याचं ऑपरेशन

करमाडात मालनबाईची पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीवर येणाऱ्या डब्यांवरनं तिनं गावातल्या प्रत्येक घराची लायकी ठरवून टाकलेली आहे. ज्वारीत खडे निघाले म्हणजे सून आळशी. गव्हात किडे म्हणजे सासू चिकट, तीन वर्षांपूर्वीचा गहू आधी संपवतीय. बाजरी ओली म्हणजे त्या घरात अक्कल नावाचा प्रकार कोणाकडंच नाही. डबा उघडला की ती मूठभर दळण तळहातावर घेते, फुंकर मारते आणि समोरच्या बाईकडं अशी बघते की त्या बाईला आपण कणसं चोरताना सापडलो असं वाटावं.

"निवडायला डोळे दिले नाय का देवानं, का ते टीव्हीलाच गहाण ठेवले?"

बाया मुकाट ऐकून घेतात, कारण पीठ बारीक मिळतं आणि मापात खोट नसते.

वय शेहेचाळीस. मुलगा पुण्यात, मुलगी सासरी, आणि घरात नवरा. हे सर्जेराव जालना रोडच्या कडेला एका चहाच्या हॉटेलात बसून दिवसभर गावाचा कारभार बघतात. कारभार त्यांच्याकडं कोणी दिलेला नाही. मालनबाई त्यांना सकाळी जेवू घालते, संध्याकाळी जेवू घालते आणि मधल्या वेळेत त्यांची आठवणही काढत नाही. संसाराला सव्वीस वर्षं झाली ती याच बेतावर.

आषाढात आरोग्य केंद्रावर बायांच्या तपासणीचं शिबिर लागलं. सायली ही गावची आशा, म्हणजे बायांना दवाखान्यापर्यंत ओढून न्यायचं सरकारी काम करणारी पोरगी. ती आठ दिवस गिरणीवर खेपा घालत होती. मालनबाईच्या मते हे काम म्हणजे दुसऱ्याच्या अंगाच्या चौकशा करत उन्हातान्हात फिरणं. ती सायलीला उभीसुद्धा करेना. शेवटी सायली म्हणाली, "राहू द्या काकू. तुमाला भ्या वाटतंय, मी समजू शकते."

मालनबाईनं पट्टा थांबवला, हात झटकले आणि ती गिरणीच्या अवतारातच शिबिरात जाऊन बसली. तिला भ्या वाटतं असं गावात कोणी बोलून जावं, हे तिला परवडणारं नव्हतं.

तिथल्या नर्सनं आत काहीतरी आंबूस पाणी लावलं आणि गर्भपिशवीच्या तोंडाशी पांढरा डाग उठला म्हणून सांगितलं. मग शहरातल्या दवाखान्याच्या दोन खेपा झाल्या, कणभर मांस तपासायला गेलं, आणि रिपोर्ट आला की तिथल्या पेशी बिघडलेल्या आहेत. कॅन्सर नव्हे, पण तसंच सोडलं तर काही वर्षांनी होऊ शकतो. तेवढी जागा काढून टाकायची.

डॉक्टर मनस्विनी दिसायला कॉलेजातल्या पोरीसारखी, म्हणून मालनबाईनं तिला पहिल्याच नजरेत बाद केलं होतं. त्या पोरीनं सुई देऊन जागा बधिर केली, तापलेल्या तारेच्या फाशानं नखाएवढा तुकडा काढला, वर काळपट औषध लावलं आणि हातमोजे काढले. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली होती.

"झालं?" मालनबाईनं विचारलं.

"झालं, मावशी. तासभर पडा आणि घरी जा."

"एवढ्यासाठी मी गिरणी बंद ठेवली व्हय."

डॉक्टर स्टूल ओढून बसली. "नीट ऐका. दोन-तीन आठवडे पाणी जाईल, काळपट जाईल, त्याला घाबरू नका. चार आठवडे जड उचलायचं नाही. दळणाचे डबे अजिबात नाहीत. नवऱ्याजवळही जायचं नाही."

"त्याच्याजवळ जायला कोण बसलंय इथं."

"आणि दहाव्या-बाराव्या दिवशी आतली खपली सुटते. तेव्हा थोडं रक्त दिसू शकतं. पण तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, गाठी पडल्या, ताप आला, घाण वास आला, तर वाट बघत बसायचं नाही. त्याच पावली इथं यायचं."

सायलीनं हे सगळं कागदावर उतरवून घेतलं. मालनबाई तोवर पंख्याच्या पात्यावरची धूळ बघत होती. एवढ्या मोठ्या दवाखान्यात पंखा पुसायला माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी जाऊ कडूबाई भेटायला आली. कडूबाईची स्वतःची पिशवी सहा वर्षांपूर्वी काढलेली. नऊ टाके, चार दिवस सलाईन, तीन महिने खाटेवर. गावातल्या बायांना तिचं वय सांगता येणार नाही, पण टाक्यांचा आकडा तोंडपाठ आहे. त्या नऊ टाक्यांवर तिनं आजवर किती घरचा चहा आणि किती जणींची सहानुभूती उकळली असेल, त्याला गणती नाही.

"टाके किती पडले, आक्का?"

"एक बी नाय."

"सलाईन?"

"नाय."

"मंग डॉक्टरनं केलं काय?"

"नख काढावं तसं काढलं कायतरी."

कडूबाईनं आणलेल्या बिस्किटांच्या दोन पुड्यांपैकी एक परत थैलीत टाकली. "आसं व्हय," ती म्हणाली, "मंग ते काय आपरेशन नव्हं. उगं तुमी मनाला लावून घिऊ नका."

आणि खरी गोष्ट अशी की मालनबाईला हे पटलं. कडूबाईचं एकही बोलणं तिला आजवर पटलेलं नव्हतं, हेच नेमकं पटलं. पोट फाडलं नाही, टाका नाही, खाट नाही. अशा दुखण्याला दुखणं म्हणून घेणाऱ्या बाईला तिनं स्वतःच गिरणीवर चारचौघींत सोललं असतं. सर्जेरावांनी तर हॉटेलात बायकोची दाढ काढली म्हणून सांगून टाकलं होतं. लोक येताजाता तिच्या गालाकडं बघायचे.

"दाढ कामून सांगितली?"

"तोंडाचंच हाय म्हणलं ना डॉक्टर. खोटं कुठं बोललो मी?"

त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. चौथ्या दिवशी तिनं गिरणीचं शटर वर केलं. अंगावरून चहाच्या चोथ्यासारखं काळपट जात होतं, ते औषधाचं आहे असं सायलीनं सांगितलेलं, म्हणून तिनं तिकडं लक्षच दिलं नाही. सायली आली तेव्हा ती एक डबा पोटाशी धरून उभी होती.

"काकू, डबा."

"रिकामा हाय."

"रिकामा असता तर तुमी तो असा कवळून धरला नसता."

"तू तुझं रजिस्टर भर जा, बाई."

त्यात महालक्ष्म्या आल्या. थोरलं घर म्हणून त्या सर्जेरावांच्याच घरी उभ्या राहतात. पहिला दिवस येण्याचा, दुसरा जेवणाचा, तिसरा बोळवणीचा. या तीन दिवसांत अडचण यायला नको म्हणून गावातल्या निम्म्या बाया पाच-सहा दिवस आधीपासून पाळी लांबवायची गोळी घेतात. मेडिकलवाला भाद्रपद लागला की त्या गोळ्यांचा खोका गल्ल्याशेजारीच काढून ठेवतो, बाईनं नुसतं 'ती द्या' म्हणायचं. मालनबाईही दरसालाप्रमाणं घेत होती. डॉक्टरला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. देवाच्या गोळीचा आणि दवाखान्याचा संबंध काय?

आणि कोठ्या. या घराण्यात महालक्ष्म्यांचं धड म्हणजे पत्र्याच्या दोन कोठ्या, धान्यानं काठोकाठ भरायच्या, वर मुखवटे बसवायचे. भरलेल्या कोठ्या उचलून पाटावर ठेवायचा मान थोरल्या सुनेचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, पुरुषानं तर नाहीच. तुकडा काढल्याला दहावा दिवस होता. सर्जेराव दारात उभे राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते, आणि मालनबाईनं एकामागं एक दोन्ही कोठ्या उचलून पाटावर ठेवल्या. ओटीपोटात काहीतरी उसवल्यासारखं झालं. तिनं पदर खोचला आणि साड्यांच्या निऱ्या घालायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे जेवणाच्या दिवशी, सकाळी आठला ती पुरणाची डाळ शिजायला टाकून न्हाणीत गेली आणि बघते तर लाल रक्त. चोथा नव्हे, काळपट नव्हे, धार.

तिनं पॅड घेतलं आणि बाहेर येऊन, लपवायचं तिच्या स्वभावात नसल्यामुळं, कडूबाईला सांगितलं. तिथंच चुकलं.

"गोळी चुकवली असणार तुमी," कडूबाई म्हणाली.

"एक बी चुकली नाय. हे तिथलं रक्त हाय, जखमेचं. ती डॉक्टर पोरगी बोलली व्हती."

"जखमेचं? आवो टाका नाय, पट्टी नाय, जखम आली कुठनं?"

मग घराची सभा भरली. रक्त पाळीचं असेल तर थोरल्या सुनेला पूजेच्या खोलीत पाऊल टाकता येणार नाही. जखमेचं असेल तर विटाळ नाही, कापलेल्या बोटाला कुठं विटाळ असतो? पण मग कापलेलं बोट दिसतं तरी. सर्जेरावांच्या आयुष्यात प्रथमच खरा कारभार चालून आला होता. त्यांनी गंभीर चेहरा केला आणि केशव गुरुजींना फोन लावला. गुरुजी शहरात सिडकोला राहतात आणि सणासुदीला फोनवरच दहा गावं सांभाळतात. सर्जेरावांनी फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे पुरण वाटणाऱ्या बायांनाही ऐकू जावं.

"जखमेचं रक्त आणि पाळीचं रक्त यात शास्त्रानं फरक केलाय," गुरुजी म्हणाले. "प्रश्न आहे तो ठरवायचा कोणी."

"तुमी, गुरुजी."

"मी इथून कसा ठरवणार? रंग कसा आहे, विचारा बरं."

सर्जेराव मागच्या खोलीच्या दाराशी आले. "आगं, रंग इचारायलेत."

मालनबाई भिंतीला टेकून उभी होती. एवढी वर्षं सोबत काढलेल्या माणसाकडं तिनं नीट बघून घेतलं. "लाल," ती म्हणाली.

"लाल म्हणती, गुरुजी."

"मग काही सांगता येत नाही. संशय नको, त्यांना बाजूला बसवा. नैवेद्य धाकट्या वहिनींनी दाखवावा."

कडूबाईचा चेहरा एकदम उजळला. वीस वर्षं ती या नैवेद्याच्या ताटाकडं डोळे लावून बसली होती. तिनं तो उजेड आवरला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि म्हणाली, "आता काय, देवीच्या मनात आसंल ते."

मागची खोली म्हणजे धान्याची. तिला एकच दार, तेही महालक्ष्म्यांच्या खोलीत उघडणारं. मागं न्हाणी आणि न्हाणीपुढं भिंत. तिथं पोतं अंथरून मालनबाई बसली, आणि दार ओढून घेतलं गेलं. बाजूला बसलेल्या बाईकडं कोणी बघत नाही. ती रीतच आहे. तिच्याकडं बघायचं नसतं, तिला शिवायचं नसतं, तिची भांडी वेगळी, आणि तिचं रक्त किती जातंय हे तर कोणी कधीच विचारत नाही.

नऊ वाजता पहिलं पॅड भिजलं. पावणेदहाला दुसरं. कडूबाईनं दार किलकिलं करून पायानं एक ताटली आत सरकवली, त्यात दोन गोळ्या. "आजून दोन घ्या, आक्का. माझ्या मामेसासूचं दोन गोळ्यांत बंद झालतं."

आणि मालनबाईनं त्या घेतल्या. नंतर तिला स्वतःची सगळ्यात जास्त किळस आली ती या गोष्टीची. डॉक्टर पोरीचे शब्द तिला आठवत होते, तासाभरात भिजलं तर वाट बघायची नाही. तरी ती बसून राहिली. बिनटाक्याचं ते, त्याचं रक्त जाऊन जाऊन जाणार किती? आणि जेवणाच्या दिवशी पंगत टाकून थोरली सून दवाखान्यात पळाली, असं गावानं म्हणायचं? पलीकडं कटाच्या आमटीत मीठ पडलं का नाही यावर वाद चालला होता. एकजण म्हणत होती टाकलं, दुसरी म्हणत होती चव बघता येत नाही, नैवेद्य व्हायचाय.

तिसऱ्या पॅडबरोबर आवळ्याएवढी गाठ पडली. ती उठायला गेली तर खोलीतली पोती सावकाश एका बाजूला कलली. कानात गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. तिनं बसूनच फोन लावला.

"सायले, तासात भिजलं तर काय म्हणली व्हती ती पोरगी?"

"कितवं हाय, काकू?"

"चौथं लावलंय. गाठ पडली मघाशी."

"पाय वर करून पडून राहा. गाडी घेऊन आले."

पंधरा मिनिटांत दारात गाडी थांबली आणि मग बाहेरचं बोलणं मालनबाईला स्पष्ट ऐकू आलं.

"आत्ता नाय बाई," सर्जेराव म्हणत होते, "नैवेद्य चाललाय. तिला बाहेर आणायचं म्हणजे ह्याच खोलीतनं आणावं लागंल. आरती झाली की अर्ध्या तासात ने खुशाल."

"काका, त्यांचं रक्त चाललंय सकाळपासनं."

"आगं, बायांचं जातंच ना रक्त. अर्ध्या तासानं काय फरक पडतोय?"

मालनबाईनं भिंत धरली आणि ती उभी राहिली. रागानं नव्हे. रागावण्याइतकीही ही माणसं तिला उरली नव्हती. तिनं दार ढकललं. समोर दोन्ही महालक्ष्म्या, फुलोरा, ताटं, अन् कडूबाई नैवेद्यावर पाणी फिरवताना हात तसाच धरून थिजलेली.

"आक्का, शिवसाल."

"शिवले तर शिवले. त्या धुतल्या की परत तशाच व्हतील. मी व्हणार नाय. सरक."

दारापासून पाटापर्यंत कालच रांगोळीची पावलं काढली होती, देवी आत यावी म्हणून. मालनबाई त्यांच्यावरूनच उलट दिशेनं बाहेर चालत गेली, आणि तिच्या मागं फरशीवर थेंबांची ओळ राहिली. सर्जेराव बाजूला झाले. पंगतीला आलेल्या सवाष्णी भिंतीला चिकटल्या, तिचा पदर लागू नये म्हणून साड्या आवरून. त्यातल्या एकीच्याही हातात तिला धरावं असं बळ नव्हतं. सायली चपलांसकट आत आली आणि तिनं काखेत हात घातला.

गाडीत मागच्या सीटवर आडवी पडून, पाय सायलीच्या मांडीवर ठेवून, मालनबाई शेंद्र्यापर्यंत बोलत होती. ड्रायव्हरला खड्डे निवडून काढता येत नाहीत का, हा एक विषय होता. चिकलठाणा आलं तेव्हा ती गप्प झाली. ती गप्प झाली तशी सायली घाबरली.

दवाखान्यात डॉक्टर मनस्विनीनं काही विचारायच्या आधी टेबलावर घेतलं. आत औषध लावलं, पट्टीचा लांब बोळा घट्ट भरला, हाताला सुई लावली, रक्ताची बाटली मागवली. पाऊण तासानं तिनं कपाळावरचा घाम पुसला.

"डबे उचलले?"

"डबे, अन् काल कोठ्या."

"आणि कमरेला खोचलेलं हे गोळ्यांचं पाकीट कसलं?"

मालनबाईनं सांगितलं. डॉक्टरनं पाकीट बाजूला ठेवलं. "मावशी, ही गोळी पाळी लांबवते. फुटलेल्या जखमेला ती काय करणार? खपली सुटायच्या दिवसात तुम्ही वजन उचललं, आतली शीर उघडली. आणखी दोन तास तिथं बसला असता तर मी हे तुम्हाला सांगत नसते, तुमच्या घरच्यांना सांगत असते."

एरवी मालनबाईनं उत्तर दिलं असतं. तिनं छताकडं बघितलं. कडूबाई येडी, गुरुजी येडे, नवरा तर बोलायलाच नको. पण पायानं सरकवलेल्या ताटलीतल्या गोळ्या उचलून गिळणारी कोण होती? ज्यांच्या अकलेला तिनं जन्मभर तुच्छ मानलं, त्यांच्याच अकलेनं ती तीन तास पोत्यावर बसून राहिली होती. हा हिशोब कोणावर फोडता येणार नव्हता.

"तुमचं नाव काय म्हणल्या?" तिनं विचारलं. पहिल्या दिवसापासून तिनं ते ऐकूनच घेतलं नव्हतं.

"मनस्विनी."

"बरं. चार आठवडे म्हणले ना. पैल्या दिवसापासनं धरा परत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळा काढला, रक्त थांबलेलं होतं. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्टही आला होता. बिघडलेली जागा पूर्ण निघाली होती, कडा साफ होत्या, सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. सायलीनं गिरणीची किल्ली मागून घेतली आणि शटरवर 'महिनाभर बंद' अशी पाटी लावायला गेली.

अकरा वाजता सर्जेराव आले. हातात स्टीलचा डबा. ते पलंगापासून दोन हात लांब उभे राहिले.

"घर धुवून घेतलं सगळं. गोमूत्र शिंपडलं. कडूबाईनं नैवेद्य दुसऱ्यांदा केला, पंगत उठायला चार वाजले. लोकांचे लई हाल झाले."

मालनबाई पडल्या पडल्या त्या डब्याकडं बघत होती.

"आता बरं हाय ना?"

"हाय."

सर्जेराव घुटमळले. डबा या हातातून त्या हातात घेतला. "एक इचारायचं व्हतं. म्हणजे मी नाय, गुरुजी इचारायलेत. फोन आलता त्यांचा. डॉक्टरनं काय सांगितलं, ते रक्त कोणतं व्हतं? म्हणजे जखमेचं आसंल तर घर धुतलं ते उगंच गेलं, अन् पाळीचं आसंल तर आजून कायतरी शांत करावं लागंल म्हणतेत. एकदा नक्की कळलं म्हणजे..."

शेजारच्या पलंगावरची बाई कूस बदलून इकडं बघायला लागली. मालनबाईनं सलाईनच्या नळीतनं उतरणारा एक थेंब पाहिला, दुसरा पाहिला.

"त्यांला सांगा, माझं व्हतं."

सर्जेरावांनी मान हलवली. हे गुरुजींना कोणत्या शब्दांत सांगावं याचा ते बराच वेळ विचार करत राहिले. मालनबाईनं डोळे मिटले होते आणि ते उघडण्याचं काही चिन्ह दिसेना. तेव्हा त्यांनी स्टूल ओढलं, डबा मांडीवर घेतला आणि थंड झालेल्या पुरणपोळीचा पहिला घास स्वतःच तोडला.